आडवी विद्या

आमच्या चिरंजीवांनी परवा रात्री घाटात मोटार आडवी घातली. मोटार चरात, हात प्लास्टरमध्ये. उत्साह मात्र शाबूत! पलंगावरूनच त्यांनी मला ‘ड्रिफ्टिंग’वर व्याख्यान दिले. (घरात व्याख्याता एकच, हा माझा समज त्या दिवशी गळाला.)

विद्या जपानची. वळणावर मागची चाके मुद्दाम घसरू द्यायची आणि स्टिअरिंग उलट फिरवून गाडी तिरकीच सावरीत न्यायची. त्याला इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारी गाडी लागते. आमची पुढच्या चाकांवर चालते, हे चिरंजीवांना चरात उमगले.

केइची त्सुचिया यांनीही ही विद्या रात्रीबेरात्री डोंगरी रस्त्यांवरच घोटली. पोरे त्यांच्या नादी लागली. पण ‘ऑप्शन’ मासिकाचे संस्थापक दाइजिरो इनादा यांनी हौशी पोरांच्या स्पर्धा भरवल्या, त्सुचियांना बरोबर घेतले, आणि २००१ मध्ये ‘डी वन ग्रां प्री’ उभी राहिली. तिथे आधी कोण पोचला याला महत्त्व नाही. वळण कसे घेतले याला गुण. थेट आमची वक्तृत्वस्पर्धाच की! फुकुशिमातल्या एबिसूच्या धावपट्ट्यांवर तर हौशी मंडळींची ‘ड्रिफ्ट मात्सुरी’, म्हणजे चक्क जत्रा भरत आली आहे.

“बाबा, जागा आम्हीही मागितली होती,” चिरंजीव म्हणाले.

खरे आहे. कॉलेजच्या मागच्या पटांगणासाठी गेल्या वर्षी पोरांचा अर्ज आला होता. त्यावर ‘दप्तरी दाखल’ हा शेरा माझाच. अक्षरही सुरेख आले होते.

तो अर्ज शोधून ठेवायला कारकुनाला सांगितले आहे.