स्वग्राम मोडून सागरविहार

रजेचे दिवस जवळ आले, की परप्रांतीच्या आपल्या महाराष्ट्र मंडळांत हल्ली एकच विषय निघतो : अंदमान. २०१८ साली ज्याचे नाव स्वराज द्वीप झाले, त्या हॅवलॉक बेटावर कोणत्या रिसॉर्टात उतरावे, खोलीतून समुद्र दिसेल काय, न्याहारी भाड्यातच धरली आहे काय, याची चौकशी पंचवार्षिक योजनेच्या काटेकोरपणाने होते. पाचांपैकी चार रात्री रिसॉर्टाच्या आवारात, आणि एक संध्याकाळ सेल्युलर कारागृहातील ध्वनिप्रकाशाच्या खेळाला, असा हिशेब ठरतो. या हिशेबालाच आमचा आक्षेप आहे.

विश्रांतीशी आमचे वैर नाही. वर्षभर फायलींत मान घालून बसणाऱ्याने चार दिवस लाटा मोजल्या, तर कोणाचे काय बिघडले? परंतु हा प्रवास पुष्कळदा कशाच्या मोबदल्यात होतो ते पाहा. केंद्र शासनाने स्वग्रामी जाण्याच्या सवलतीऐवजी अंदमानला जाण्याची मुभा दिली व तिला वेळोवेळी मुदतवाढही दिली. म्हणजे गावची एक खेप मोडायची आणि किनारा विकत घ्यायचा. हा सौदा नियमात बसतो यात शंका नाही. तो मनात बसतो काय, एवढेच आम्ही विचारतो.

कारण ही बेटे वसली तीच मुळी घरी परतू न शकणाऱ्या माणसांनी. १८५७ च्या उठावातील बंदी १८५८ च्या मार्चमध्ये येथे उतरविले गेले. १९०६ मध्ये पुऱ्या झालेल्या सेल्युलर कारागृहात पुढे सावरकर बंधू आले व १९२१ पर्यंत अंदमानात राहिले. एवढे आपण मराठी माणसे अभिमानाने सांगतो आणि तेथेच थांबतो. पण १९२१ च्या मलबारमधील उठावानंतर तेथील मोपल्यांनाही येथे धाडण्यात आले. त्यांनी दक्षिण अंदमानात वस्त्या केल्या आणि त्यांना नावे दिली ती आपल्या मुलुखातल्या गावांची : कालिकत, मंजेरी, तिरूर, वंडूर. हॅवलॉकचे म्हणाल, तर ज्या किनाऱ्यावर आपण आरामखुर्ची टाकतो, त्याच्या मागची खेडी पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसविली आहेत.

आम्ही स्वतः या दोषापासून मुक्त नाही. वंडूरच्या धक्क्यावरून प्रवाळ पाहण्यास निघालो, तेव्हा बोट वेळेवर सुटेल काय याचीच आम्हांला चिंता होती. ते नाव कोठून आले, हे आम्हांला परतल्यावर कळले. आणि त्या वर्षी आमचे गावचे घर बंदच राहिले होते.

यावर कोणी म्हणेल, "गावी आता आहे कोण? आईवडील गेले, भाऊबंद पांगले, घराला कुलूप आहे." हे खरे आहे, आणि दुःखाचे आहे. पण कुलूप उघडावयास कोणी जात नाही म्हणूनच ते गंजते. आपली मुले कधी पाटण्यात तर कधी भुवनेश्वरात वाढतात. त्यांना गाव दाखविण्याची जी थोडी साधने आपल्या हाती आहेत, त्यांतील एक आपण खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या समुद्रासाठी देऊन टाकतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. अंदमानला अवश्य जा, पण गावची खेप मोडून नव्हे. आणि ते जमतच नसेल, तर निदान दोन दिवस पदरमोड करून आधी गावी जाऊन या. बेटावर गेलात, तर दोन रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरममध्ये, काढा. कारागृह खेळापुरते नव्हे, सकाळी सावकाश पाहा. सात भुजांपैकी उरलेल्या तीन भुजांतून मुलांना हिंडवा. रिसॉर्टाच्या फाटकाबाहेरच्या बाजारात बसून तेथल्या माणसाला विचारा, की तुमचे मूळ गाव कोणते. परमुलुखात नोकरी करणाऱ्याला हा प्रश्न विचारता आला पाहिजे.

सेवेत शिरताना आपण सर्वांनी 'स्वग्राम' या रकान्यात एक नाव लिहून दिले आहे. मलबारच्या त्या बंद्यांपुढे असा रकाना कोणी ठेवला नव्हता. त्यांनी ते नाव परक्या जमिनीवर वसवून जपले. आपल्याला तर तिकिटाचे पैसेही मिळतात.