कुलूप तोडण्याआधी दार तरी वाजवा!

'फाईल डिलीट होत नाहीये यार' ही आरोळी कॉम्प्युटर लॅबमध्ये नवी नाही. टर्म सुरू होण्याआधी पीसी नीट लावायचे, एक प्रोफाईल सजवून ठेवायचं, म्हणजे प्रत्येक नव्या युजरला तोच डेस्कटॉप, तीच सेटिंग्ज आणि (आमचं ऐकलंत तर) मराठी कीबोर्डसुद्धा तयार मिळेल. कल्पना झकास! पण जुनी प्रोफाईल्स काढायला जावं तर विंडोज अडून बसतं : फाईल वापरात आहे. मग कुणीतरी हुशार 'अनलॉकर' आणतो आणि अख्खा फोल्डर साफ.

माझ्या मते ही हुशारी नाही, दांडगाई आहे.

गिरगावातल्या चाळीत खोलीला आतून कडी असेल, तर आपण काय समजतो? आत कुणीतरी आहे. लॉक झालेल्या फाईलचंही तसंच. 'एनटीयूजर डॉट डॅट'मध्ये त्या युजरची रजिस्ट्री असते. लॉग-इनला ती उघडते, लॉग-ऑफला बंद व्हायला हवी; पण एखादा ड्रायव्हर किंवा सर्व्हिस तिला धरून बसते. एक्स्पीच्या काळात हा ताप इतका होता, की मायक्रोसॉफ्टने 'यूपीएचक्लीन' ही वेगळी सर्व्हिस दिली. व्हिस्टापासून ते काम विंडोजमध्येच आलं.

आता जबरदस्तीचा परिणाम बघा. फोल्डर उडतो, पण रजिस्ट्रीतल्या 'प्रोफाईल लिस्ट'मधली नोंद तशीच राहते. म्हणजे खोली पाडली, भाडेकरूचं नाव मात्र पावतीपुस्तकात! तोच विद्यार्थी पुन्हा लॉग-इन करतो, तेव्हा त्याला तात्पुरतं प्रोफाईल मिळू शकतं. बिचारा डेस्कटॉपवर प्रोजेक्ट रिपोर्ट सेव्ह करतो, लॉग-ऑफ करतो... आणि रिपोर्ट गायब. व्हायव्हा उद्यावर असेल तर त्याने कुणाच्या नावाने बोंब मारायची?

'लिनक्समध्ये उघडी फाईलही डिलीट होते,' असं कुणी म्हणेल. होते ना! पण तिथे फक्त नाव जातं. शेवटचा प्रोग्रॅम ती सोडेपर्यंत डेटा डिस्कवर राहतो. आतल्या माणसाला तिथेही कुणी खेचून बाहेर काढत नाही.

सरळ रस्ता कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा. फाईल कुणी धरली आहे ते 'प्रोसेस एक्स्प्लोरर'मध्ये शोधा. मशीन रिस्टार्ट करा, दुसऱ्या अ‍ॅडमिन अकाउंटने शिरा आणि सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या 'युजर प्रोफाईल्स'मधूनच डिलीट करा. फोल्डर आणि नोंद दोन्ही जातात. सगळ्यांसाठी एकच प्रोफाईल हवं असेल, तर विंडोज ७ पासून 'सिस्प्रेप'चा 'कॉपीप्रोफाईल' हा अधिकृत मार्ग आहे.

आणि त्याआधी नोटीस बोर्डावर आठ दिवस एक कागद लावा : 'आपापला डेटा उचला.' या कागदाला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. उद्या आपल्यातलेच काहीजण कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतील. दुसऱ्याच्या फाईलला हात लावण्याआधी विचारायची सवय लॅबमध्ये नाही लागली, तर मग कुठे लागणार?