पाचव्या सायकलनंतर

गेले तीन वीकांत इथे काहीच लिहिलं नाही. दोघातिघांनी मेल टाकून विचारलं, "आहेस ना रे बाबा?" आहे. वडिलांच्या आजारपणावर लिहावं की नाही, हेच ठरत नव्हतं. शेवटी अण्णांनाच विचारलं. म्हणाले, "लिही की. नाव नको टाकूस. कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच." म्हणून हा खटाटोप. मी डॉक्टर नाही, कोड पाडणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तर झालं असं. 2025 च्या जानेवारीत अण्णांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. वय 65. रिपोर्टात पाच लिम्फ नोडमध्ये कॅन्सर निघाला. म्हणजे तिसरी स्टेज, आणि त्यातही जास्त धोक्याची. दिसत होतं ते सगळं सर्जनने काढलं होतं, पण न दिसणाऱ्या पेशी कुठे दडून बसल्या असतील तर त्यांच्यासाठी केमो. तीन आठवड्यांची एक सायकल, अशा आठ. पहिल्या दिवशी सलाईनमधून ऑक्झॅलिप्लॅटिन, मग चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग आठवडाभर सुट्टी.

आम्ही लालबागचे. आमच्याकडे "त्यांना टाटाला नेलं" एवढंच म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. 1941 साली परळला टाटा मेमोरियल सुरू झालं तेव्हापासून आजूबाजूच्या चाळींनी हा आजार बघितलाय. दूर बिहार-बंगालमधून आलेली माणसं फुटपाथवर फायली उशाला घेऊन झोपतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब समजतात. आम्ही मात्र परळच्या आमच्या हॉस्पिटलात बसने जाऊन दुपारी घरी जेवायला येत होतो. आमचं नशीब थोर, हे मला मान्य आहे. पण ठरवायची वेळ आली तेव्हा आम्हीही तेवढेच गोंधळलो.

पहिल्या दोन सायकली बऱ्या गेल्या. तिसरीनंतर नळाचं पाणी बोटांना चटका दिल्यासारखं लागायला लागलं. माठातलं पाणी घशात टोचायचं. ऑक्झॅलिप्लॅटिनचा हा नेहमीचा गुण, चार-सहा दिवसांत जातो, असं सांगितलेलं होतं. जायचाही. चौथीनंतर मात्र तो गेला नाही. बोटांच्या टोकांना कायमच्या मुंग्या, तळपाय कापसावर ठेवल्यासारखे. पाचवी तर प्लेटलेट कमी झाल्या म्हणून आठवडाभर पुढेच ढकलावी लागली.

आणि इथे आमचा सगळ्यांचा एक मोठा घोळ झाला. प्रत्येक वेळी डॉक्टर विचारायचे, "मुंग्या येतात का?" अण्णा म्हणायचे, "थोड्याशा." मी शेजारी उभा, खरं माहीत असून गप्प. का? तर खरं सांगितलं तर औषध बंद करतील ही भीती. मामांचा रोज फोन, "आठ म्हणजे आठ. लढाईतून माघार नाही घ्यायची." शेजारच्या मावशीही तेच म्हणायच्या. मीही मनात तेच म्हणत होतो, की आठपैकी पाच झाल्या, आता कशाला सोडायचं?

पाचवीनंतरच्या भेटीला मला हापिसातून निघायला उशीर झाला म्हणून आई सोबत गेली. मी धापा टाकत पोचलो तेव्हा आत तोच प्रश्न आणि तेच "थोड्याशा" झालेलं होतं. आई म्हणाली, "त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. टेबलावर एक रुपयाचं नाणं ठेवून उचलायला सांगितलं. अण्णांनी ते कडेपर्यंत सरकवत नेलं आणि तळहातावर पाडून घेतलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" फायलीत 'निवृत्त' लिहिलेलं होतं. 1982 च्या संपानंतर अण्णांची गिरणी सुटली, ते खरंच. पण त्यानंतरची चाळीस वर्षं दर पावसाळ्यात ते इथल्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात. तीन महिने तपासणी चालू होती, आणि ही गोष्ट आम्ही कुणीच बोललो नव्हतो!

त्या दिवशी खरी चर्चा झाली. डॉक्टरांनी एका कागदाच्या पाठीवर ढोबळ गणित मांडलं. तिसऱ्या स्टेजची शंभर माणसं घेतली, तर निम्मी नुसत्या ऑपरेशननेच बरी होतात. गोळ्यांच्या जातीचं औषध आणखी दहा-पंधरा जणांना वाचवतं. ऑक्झॅलिप्लॅटिन त्यावर आणखी पाचेक. ही सरासरी झाली, अण्णांसारख्या जास्त नोड असलेल्यांचा पहिला आकडा खाली येतो. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. सगळा त्रास ज्या सलाईनचा होता तिचा वाटा माझ्या समजुतीपेक्षा लहान होता, आणि ज्या गोळ्यांना आम्ही 'साइड' औषध समजत होतो त्यांचा मोठा.

घरी येऊन रात्रभर आंतरजाल उपसलं. ऑक्झॅलिप्लॅटिनसकट सहा महिने, ही पद्धत 2004 च्या एका मोठ्या चाचणीनंतर रुळली. मग 2018 मध्ये सहा चाचण्या एकत्र करून, जवळजवळ 12,800 पेशंटांवर, तीन महिने विरुद्ध सहा महिने अशी तुलना प्रसिद्ध झाली. 2020 मधल्या पाठपुराव्यात पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण 82.4 टक्के आणि 82.8 टक्के निघालं. कामात अडथळा आणणाऱ्या मुंग्या आणि बधिरपणाचं प्रमाण मात्र तीन महिन्यांच्या गटात साधारण पंधरा-सतरा टक्के, आणि सहा महिन्यांच्या गटात पंचेचाळीसच्या पुढे.

आता यावरून "तीन महिने पुरे" असं कुणी घाईने म्हणू नये. कमी धोक्याच्या पेशंटांना तीन महिने पुरतात हे बऱ्यापैकी ठरलंय. पण अण्णांसारख्या जास्त धोक्याच्या माणसाला पुष्कळ डॉक्टर अजून सहाच महिने सांगतात, आणि त्याला कारणं आहेत. आकड्यांनी आमचा निर्णय घेतला नाही. पाच म्हणजे हरणं आणि आठ म्हणजे जिंकणं, हे डोक्यातलं खूळ तेवढं काढलं.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, ती प्रत्येकाने लिहून ठेवावी. ही नसांची इजा औषध थांबवल्यावर लगेच थांबत नाही. पुढचे दोन-तीन महिने वाढतच जाते, मग हळूहळू उतरते, आणि काहींची पूर्ण उतरतच नाही. म्हणजे "अगदी सहन होईना तेव्हा बघू" म्हणणारा माणूस आधीच उशीर करत असतो.

माझं मत थोडक्यात असं. "केमो चालू ठेवायची का बंद करायची?" हा प्रश्नच अर्धवट आहे. मधे किती वाटा असतात! डोस कमी करता येतो, सायकल पुढे ढकलता येते, त्रास देणारं एक औषध काढून दुसरं चालू ठेवता येतं. पण या वाटा डॉक्टरांना तेव्हाच दिसतात जेव्हा पेशंट खरं बोलतो. आणि पेशंट खरं तेव्हाच बोलतो जेव्हा घरातली माणसं त्याला योद्धा करून ठेवत नाहीत. अण्णा डॉक्टरांशी खोटं बोलत होते ते आमच्यासाठी. "मी थांबलो असतो तर तुम्ही काय म्हटलं असतं?" हे त्यांनी मला नंतर विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन खुलासे. एक, सगळे त्रास असे चर्चेचे नसतात. केमोत ताप 100.4 च्या वर गेला, कॅपेसिटाबिनवर असताना छातीत दुखलं, जुलाब थांबेनात, तर मतंबितं काही नाहीत. गोळी थांबवून त्याच क्षणी हॉस्पिटलला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. दोन, चौथ्या स्टेजचं गणित निराळं. तिथे बहुतेकदा हेतू पूर्ण बरं करण्याचा नसून चांगला वेळ मिळवण्याचा असतो. तिथे ऑक्झॅलिप्लॅटिन काही सायकलींनंतर थांबवून गरज पडली की पुन्हा आणायचं, ही रीत 2006 पासून अभ्यासलेली आहे. थांबणं तिथेही म्हणजे सोडून देणं नव्हे.

आमचं काय ठरलं? आम्ही नाही ठरवलं, अण्णांनी ठरवलं. डॉक्टरांनी शेवटी त्यांनाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" अण्णा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मला जगायचं आहे. पण हातही पाहिजेत." ऑक्झॅलिप्लॅटिन बंद, उरलेल्या तीन सायकली नुसत्या गोळ्यांच्या. मामा दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत.

सांगितल्याप्रमाणे जुलैत बधिरपणा आणखी वाढला. अण्णांनी ब्रशच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, म्हणजे पकड समजते. 27 ऑगस्टच्या गणेश चतुर्थीआधी दरवर्षी ते शेकड्याने डोळे आखायचे, 2025 मध्ये अकरा मूर्ती केल्या. त्यातल्या दोन त्यांनी स्वतःच नापसंत करून दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतल्या. शर्टाचं वरचं बटण अजून आईच लावते.

निर्णय बरोबर होता का? खरं सांगायचं तर कधीच कळणार नाही. उद्या आजार उलटला तर मामा म्हणतील, बघ, सांगितलं होतं. पण आठही घेऊन आजार उलटलेली माणसं आहेत, आणि तीनवर थांबून ठणठणीत असलेलीही. एका माणसावर दोन्ही रस्ते चालवून बघता येत नाहीत. आमच्या धंद्यात टेस्ट सर्व्हर असतो, इथे थेट प्रॉडक्शन. दर तीन महिन्यांनी सीईएची रक्ततपासणी असते आणि आदल्या रात्री घरात कुणी धड झोपत नाही. आतापर्यंतचे रिपोर्ट चांगले आले आहेत.

तुमच्या घरी कुणाची केमो चालू असेल तर एकच विनंती. पुढच्या भेटीला जाण्याआधी त्यांना विचारा, आता कुठली गोष्ट स्वतःच्या हाताने करता येत नाही? बटण, चावी, चपलेचा अंगठा, काहीही असेल ते. आणि ते तिथे डॉक्टरांसमोर मोठ्याने सांगा. आमच्याकडे ते आईला सुचलं, इंजिनिअरला नाही.

असो. पुढच्या वीकांतापासून नेहमीचं गुऱ्हाळ सुरू. चूभूदेघे.