एका वाक्यात आबा मावत नाहीत



आर. आर. पाटील म्हणजे आबा, यांच्या स्मृतिदिनानिमित्त तुमच्या अंकात आलेला लेख वाचला. डान्सबारबंदी आणि २६/११ च्या मुंबई हल्ल्यानंतरचं, मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतच असतात या अर्थाचं त्यांचं ते हिंदी वाक्य, यातच लेखकाने जवळजवळ सगळी जागा संपवली. ग्रामस्वच्छता अभियानाच्या वाट्याला एक ओळ आली, तीही ‘असे उपक्रमही राबवले’ या थाटाची. दर १६ फेब्रुवारीला हेच चालतं. माणूस सहा वेळा आमदार झाला, ग्रामविकासमंत्री, गृहमंत्री, उपमुख्यमंत्री झाला आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणात उरलं काय, तर एक वाक्य!

ते वाक्य चुकलंच होतं. त्याची किंमत त्यांनी १ डिसेंबर २००८ ला राजीनामा देऊन मोजली. मात्र वर्ष उलटायच्या आत, २००९ च्या निवडणुकीनंतर, तेच गृहखातं पुन्हा त्यांच्याकडे आलं. यावर तुमच्या लेखकाने प्रश्न विचारला असता तर मी मान डोलावली असती. डान्सबारबंदीचंही तेच. तीन तारांकित आणि त्याहून वरच्या हॉटेलांना मोकळीक ठेवून बाकीच्यांवर बंदी घातली, तिथेच तो कायदा लंगडा झाला. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नेमकं त्यावरच बोट ठेवलं. टीका करायचीच तर अशी मुद्द्याची करा. लेखात या सवलतीचा उल्लेखसुद्धा नाही.

माझी तक्रार ग्रामस्वच्छता अभियानावरच्या त्या एका ओळीबद्दल आहे. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो. अभियानाआधी शौचालयांचं अनुदान कसं ‘खर्ची’ पडायचं, हे मी पाहिलं आहे. चार भिंती उभ्या राहायच्या, पूर्णत्वाचा दाखला निघायचा आणि आत सरपण, गोवऱ्या नाहीतर शेळी. लोक पहाटे टमरेल घेऊन रस्त्याच्या कडेलाच. १९९९ मध्ये आबांकडे ग्रामविकास आलं. महसूल आणि गृह यांसाठी मंत्र्यांमध्ये रस्सीखेच होते, ग्रामविकासासाठी कुणी हट्ट धरून बसल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. त्या खात्यातून २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबांच्या नावाने अभियान निघालं आणि त्याने उलटाच क्रम लावला. आधी गावाने हातात झाडू घ्यायचा, गटारं काढायची, शोषखड्डे खणायचे, उकिरडे हलवायचे. मग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी तपासणी समित्या येणार आणि बक्षीस ग्रामपंचायतीला मिळणार. शेजारच्या गावाला मिळालं आणि आपल्याला नाही, ही सल जे करून गेली ते आमच्या खात्याच्या शंभर परिपत्रकांना जमलं नव्हतं. ज्या गावात दोन गट एकमेकांच्या दारातून जात नव्हते, तिथले लोक एकाच गटारीत उतरलेले मी पाहिले. केंद्राने २००३ मध्ये निर्मलग्राम पुरस्कार काढला, तोही याच वाटेने.

सगळं सोनं नव्हतं. समिती येणार म्हटल्यावर रातोरात भिंतींवर सुविचार रंगवणारी गावं होती आणि समितीची जीप वळणाआड गेली की पुन्हा पहिल्यासारखी होणारीही. पण मुंबईतल्या मंत्र्याच्या एका कल्पनेने सरपंचाला पहाटे उठवलं, असं त्याआधी माझ्या नोकरीत घडलं नव्हतं. गृहखात्यात गेल्यावर २००७ मध्ये त्यांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली. तिची नाळही इथलीच: गावाला विश्वासात घ्या, स्पर्धा लावा, बक्षीस द्या. या समित्या आता बऱ्याच गावांत कागदावर आहेत, हेही खरं. त्याचं खापर मात्र आबांच्या माथी फोडता येणार नाही.

सरकारचं पाहा. ‘स्मार्ट ग्राम’ योजनेला २०२० मध्ये आबांचं नाव दिलं, ती ‘सुंदर गाव’ झाली. पाटी बदलली की श्रद्धांजली पुरी! पुढल्या वर्षी तुमच्या बातमीदाराला मंत्रालयात न पाठवता त्या काळी बक्षीस घेतलेल्या एखाद्या गावात पाठवा. आज तिथे काय उरलं आहे ते छापा. वाईट असेल तर वाईट छापा.

आणि आबांची कारकीर्द सांगायचीच तर ती सावळजपासून सांगा. सांगली जिल्ह्यातल्या अंजनीसारख्या लहान गावातला, ‘कमवा आणि शिका’ करत शिकलेला मुलगा १९७९ मध्ये सावळज गटातून जिल्हा परिषदेवर गेला आणि अकरा वर्षं तिथे मुरला. १९९० मध्ये आमदार झाला तो त्यानंतर. ग्रामसेवक काय लपवतो, बीडीओ कुठे अडवतो, सरपंचाला कशाने चेव येतो, हे त्यांना ठाऊक होतं ते तिथूनच. पुढे ही जिल्हा परिषदेची वाटच बंद पडली. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासकच बसले. सदस्य नव्हते, सभापती नव्हते, स्थायी समितीत प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. रस्त्याचं काम कुणाला मिळालं हे विचारायचं तर अधिकाऱ्याच्या दाराबाहेर बाकावर बसायचं. विधानसभेची निवडणूक वेळेवर झाली, लोकसभेची झाली, गावाच्या वाट्याची मात्र अडली. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे मला माहीत आहे. पण तो लवकर मिटावा म्हणून कोणता पक्ष रस्त्यावर उतरला? त्या वर्षांत कुणा बावीस वर्षांच्या पोराला अंजनीहून निघायचं असतं, तर त्याने नेत्याच्या फलकावर कोपऱ्यात फोटो छापून घेण्यापलीकडे काय करायचं होतं? या सगळ्या काळात तुमच्या अंकात त्यावर किती अग्रलेख आले, तेवढं एकदा मोजून पाहा.

— एक निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत), सातारा