संदेश न आल्याचीही नोंद हवी

दूरच्या एखाद्या ग्रहावर बुद्धिमान जीव असतील, तर त्यांचा रेडिओ-संदेश आपल्याला टिपता येईल का? १९६० साली अमेरिकेतील ग्रीन बँक येथे फ्रँक ड्रेक यांनी २६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण टाऊ सेटी व एप्सिलॉन एरिडनी या दोन ताऱ्यांकडे वळवली. वारंवारता निवडली १४२० मेगॅहर्ट्झच्या आसपासची. हायड्रोजनचे अणू याच वारंवारतेच्या लहरी बाहेर टाकतात, आणि हायड्रोजन तर विश्वात सर्वत्र आहे. तेव्हा कोठल्याही ग्रहावरच्या शास्त्रज्ञाला ती ठाऊक असणारच, असा हा तर्क. संदेश मात्र आला नाही. त्यानंतर साठहून अधिक वर्षे लोटली. खात्रीचा संदेश अजून एकही नाही.

मग हा सारा खटाटोप व्यर्थच का? मला तसे वाटत नाही. या शोधातली शिस्त आपण प्रत्येक प्रयोगशाळेत आणावी, अशी आहे.

२०१९ साली ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील दुर्बिणीने प्रॉक्झिमा सेंटॉरी या ४.२ प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याच्या दिशेने ९८२ मेगॅहर्ट्झचा एक संकेत टिपला. दुर्बीण बाजूला वळवली की तो नाहीसा होई! दुसऱ्या कोणी लगेच पेढे वाटले असते. संशोधकांनी मात्र साऱ्या नोंदी पुन्हा चाळल्या. तशाच घडणीचे संकेत इतर वारंवारतांवरही सापडले, आणि त्यांतले काही दुर्बीण ताऱ्याकडे नसतानाही आलेले होते. म्हणजे हा उद्योग पृथ्वीवरच्याच उपकरणांचा! २०२१ साली त्यांनी तसे जाहीरही केले.

हवेहवेसे उत्तर अधिक कसून तपासायचे आणि काही मिळाले नाही तर तेही लिहायचे, ही ती शिस्त. अमुक दिशेने, अमुक वारंवारतेवर, त्या वेळी संदेश येत नव्हता, हेही ज्ञानच आहे.

आता आपल्या प्रयोगवह्या पाहा. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९८० यायलाच हवे, म्हणून कितीजण उलटे गणित करून निरीक्षणे भरतात! आणि आम्ही शिक्षकही उत्तर पाहूनच गुण देतो. माझे स्पष्ट मत असे, की गुण निरीक्षणांना आणि चूक शोधण्याच्या खटपटीला द्यावेत. ९३० आले, तर ९३० लिहा. मग पाहा, लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली होती ना?

उद्या खरोखरच संदेश आला, तर जग विश्वास कोणावर ठेवील? तो न आल्याच्या नोंदी ज्यांनी खऱ्या ठेवल्या, त्यांच्यावरच.