कोय कोरण्याआधी थोडं बोलूया



फळांच्या कोया आणि बिया कोरून त्यांचे मणी, लॉकेटं, छोट्या वस्तू करण्याचा छंद सध्या आपल्या बायकांमध्ये बराच पसरलाय. मी गेली काही वर्षं हे काम करते, त्यामुळे प्रश्न आपसूक माझ्याकडे येतात. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच: "ताई, बी कोरणं आपल्यात चालतं का हो? बी म्हणजे जीवच ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत शेजारची कुणीतरी उत्तर देऊन मोकळी होते, "अगं, वाळलेली असते ती. मेलेलीच. कोर बिनधास्त!"

हे उत्तर मला पटत नाही. वाळलेली बी म्हणजे मेलेली बी नव्हे. आपल्या घरातले मूग, मटकी, गहू वाळलेलेच असतात, पाण्यात टाकले की मोड येतात. खजुराच्या बीचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. इस्रायलमध्ये मसादा नावाचा डोंगरी किल्ला आहे, तिथल्या उत्खननात खजुराच्या जुन्या बिया सापडल्या, सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या. २००५ साली त्यातली एक मातीत लावली, आणि ती उगवली. आज ते झाड उभं आहे. दोन हजार वर्षं कोरडीठाक पडलेली बी जिवंत निघते, तर डब्यातली चार महिन्यांची बी "मेलेलीच" हे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

दुसरी म्हणते, "मग गहू दळतो त्याचं काय? नारळ फोडतो, डाळ शिजवतो, तेव्हा नाही का एकेंद्रिय जीव जात?" जातात. श्रावकाच्या व्रतात ते धरलेलंच आहे. साधूंसारखी स्थावर जीवांची पूर्ण अहिंसा गृहस्थाला शक्य नाही, म्हणून तर आपली अणुव्रतं. पण त्याच व्रतांमध्ये अनर्थदंड विरमण आहे ना? दिगंबर असो वा श्वेतांबर, दोन्हीकडे आहे. प्रयोजन नसताना केलेली हिंसा टाळायची, असा त्याचा सरळ अर्थ. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातल्या प्रमादचर्येत उगाच जमीन खणणं, उगाच पाणी सांडणं यांच्या जोडीने उगाच वनस्पती तोडणंही येतं. पोटासाठी दळलेला गहू आणि हौसेसाठी चिरलेली बी यांतला फरक आपल्या आचार्यांनी कधीच करून ठेवलाय. आपण फक्त सोयीप्रमाणे विसरतो.

"कचऱ्यातच जाणार होती" हेही मला मान्य नाही. उकिरड्यावर पहिल्या पावसात उगवलेली आंब्याची रोपं कुणी पाहिली नाहीत? लहानपणी अशीच फुटलेली कोय उपटून, दगडावर घासून आपण पिपाणी वाजवलेली आहे. कचऱ्यात टाकलेली कोय उगवू शकते. चिरलेली उगवत नाही.

मग मी हा छंद सोडायला सांगते आहे का? मुळीच नाही. मला तो फार आवडतो. पण काय कोरतो आहोत हे आधी नीट पाहायला हवं, आणि इथे वनस्पतिशास्त्र आपल्याच बाजूने आहे. पीच, जर्दाळू, आलुबुखार यांच्या मधोमध जे टणक लाकडासारखं असतं, त्याला आपण सरसकट बी म्हणतो. खरं तर ती बी नाहीच. ते फळाचं सगळ्यात आतलं आवरण, लाकडासारखं कठीण झालेलं. बी त्याच्या आत असते, बदामासारखी. आणि नारळाची करवंटी म्हणजे नेमकं हेच! करवंटी आणि पीचचं कवच, दोन्ही एकाच जातीची वस्तू. ॲव्होकॅडोचं तसं नाही. त्याच्या पोटात असतो तो मोठा गोळा म्हणजे आख्खी बीच. खजूर-खारकेची बी आणि चिंचोका यांनाही वेगळं लाकडी कवच नसतं, ती नुसती बी.

यावरून मी माझ्यापुरता नियम केलाय. बी कोरायची नाही, कवच कोरायचं. तेही असं कवच, ज्यातला गर किंवा दाणा आधीच खाण्यात आलाय. आपल्याकडे जर्दाळू खाल्ला की त्याची कोय अडकित्त्याने फोडून आतला गोड दाणा मुलं खातात. उरतात त्या दोन वाट्या. चटणीसाठी खोबरं काढलं की उरते करवंटी. या दोन वस्तूंवर एक बाई आयुष्यभर कोरत बसली तरी तिचं काम संपणार नाही. कोकणात आणि गोव्यात करवंटीच्या डवल्या, वाट्या पिढ्यान् पिढ्या होतात, त्यात कुणाला हिंसा दिसली नाही आणि दिसायचं कारणही नाही.

ॲव्होकॅडोचं आकर्षण मी समजू शकते. ताजं असताना ते बटाट्यासारखं कापलं जातं, हवा लागली की सुंदर तांबूस रंग धरतं, शिकाऊ हातालाही साथ देतं. पण मी ते घेत नाही. तुमचा निर्णय तुमचा, मी फक्त माझा सांगते.

आता एक गोष्ट, जिच्यावर काही जणी माझ्यावर नाराज होतील. "कोरणं म्हणजे ध्यानच हो, माझं सामायिकच होतं त्यात," असं हल्ली सारखं कानावर येतं. नाही होत. सामायिकात ४८ मिनिटं आपण सावद्य क्रिया सोडून समभावात बसतो. कोरताना हातात धारदार हत्यार असतं, आणि मनात एकच धाकधूक, आता तडकतंय की काय. याला फार तर आर्तध्यान म्हणता येईल! एकाग्रता येते हे खरं, हात शांत होतो हेही खरं. पण पोळ्या लाटतानाही एकाग्रता येते. सामायिक करायचं असेल तर सामायिक करा, कोरायचं असेल तर कोरा. एकाचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यात लिहू नका.

पण मला खरं बोलायचंय ते या कामाच्या किमतीबद्दल. आपण कोरलेली वस्तू पाहिली की घरातले, नात्यातले एकच वाक्य बोलतात: "छान आहे, वेळ जातो." आणि पाठोपाठ, "आमच्या कार्यक्रमाला रिटर्न गिफ्ट म्हणून वीसेक करून दे ना, तू घरीच तर असतेस." मला हे एकदा ऐकवलं गेलं, तेही अगदी प्रेमाने. एका वाटीला मला तीन-चार दुपारी लागतात. वीस वाट्यांचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून मला तुम्हाला प्रोपेर्झिया दे रोस्सी या बाईबद्दल सांगायचंय. इटलीतल्या बोलोन्या शहरात, साधारण पाचशे वर्षांपूर्वी, ती पीचच्या कोया कोरायची. वासारी नावाच्या लेखकाने १५५० साली इटलीतल्या कलाकारांची चरित्रं लिहिली. त्या पहिल्या आवृत्तीत स्वतंत्र चरित्र मिळालेली ती एकटी स्त्री. त्याने लिहिलंय की एका कोयीवर तिने येशूच्या अखेरच्या यातनांचा संपूर्ण प्रसंग कोरला होता, माणसांच्या गर्दीसकट. (तिच्या कलेबरोबर ती घरकामात हुशार होती, दिसायला सुंदर होती, गायची छान, हेही त्याने आवर्जून सांगितलंय. पुरुष कलाकाराच्या घरकामाची चौकशी कुणी करतं का?) बोलोन्यातल्या संग्रहालयात तिच्या कामाचा म्हणून ओळखला जाणारा एक नमुना आजही आहे: ग्रासी घराण्याचं मानचिन्ह, चांदीच्या तारकामात बसवलेल्या ११ कोया, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, एका बाजूला ख्रिस्ताचे शिष्य, दुसऱ्या बाजूला संत स्त्रिया.

कोयीवरून ती संगमरवरावर गेली. सान पेत्रोनिओ या शहरातल्या मोठ्या चर्चसाठी तिने शिल्पपट केले. आणि तिथेच वासारी पुढची गोष्ट सांगतो. एका पुरुष चित्रकाराने मत्सरापोटी तिच्याविरुद्ध इतकं बोलून ठेवलं की तिच्या कामाला अगदी कवडीमोल मोबदला मिळाला. तिने मोठं काम सोडलं. १५३० साली ती बोलोन्यातच वारली. त्याच वेळी सम्राटाच्या राज्याभिषेकासाठी पोप त्या शहरात आले होते. त्यांनी तिला भेटायची इच्छा दाखवली, तेव्हा कळलं की ती त्याच आठवड्यात गेली.

मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, कोया कोरत होती तोवर तिचं कौतुकच झालं. तिने संगमरवर हातात घेतला, कामाचे पैसे मागितले, तेव्हा कुणाला तरी ती खुपायला लागली.

"बारीक काम, बायकांचंच ते," असं म्हणणाऱ्यांना मी चीनकडे बोट दाखवते. तिथे हे काम शतकानुशतकं पुरुष कारागिरांच्या हातात होतं आणि राजदरबारात त्याला मान होता. तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात चेन त्सूजांग नावाच्या कारागिराने १७३७ साली कोरलेली एक होडी आहे. चिनी ऑलिव्हच्या कोयीतून काढलेली (पिझ्झावरचं ऑलिव्ह वेगळं, हे झाडच निराळं). लांबी ३.४ सेंटिमीटर, उंची १.६. तिच्यात आठ माणसं बसलीत, खिडक्या उघडतात-मिटतात, आणि तळाला तीनशेहून जास्त अक्षरांचा एक जुना काव्यमय लेख कोरलाय. हा माणूस बादशहाच्या कारखान्यात काम करायचा. त्याला कुणी "छान, वेळ जातो" म्हटलं नसणार. त्याच्याही आधी, मिंग काळात, एका कारागिराने पीचच्या कोयीतून अशीच होडी कोरली. तिचं वर्णन करणारा छोटा लेख चीनमधली मुलं आजही शाळेच्या पुस्तकात शिकतात. सूचौ शहराजवळच्या एका गावात आजही घरोघरी हे काम चालतं, आणि त्या कलेला सरकारी वारशाच्या यादीत स्थान आहे.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. भेट द्यायची तर मनापासून द्या, एक द्या. वीस मागितल्या तर भाव सांगा. लाज वाटत असेल तर कागदावर लिहून ठेवा: किती दुपारी, किती पॉलिश पेपर, किती तुटल्या. आपला समाज व्यापारी म्हणून ओळखला जातो. घरातल्या पुरुषाने दुकानातला माल असा फुकट वाटला असता का? आणि ते पैसे दानात घालायचे असतील तर जरूर घाला, पण ते आधी तुमच्या हातात येऊ द्या. दान देणारीच्या मालकीचं असावं लागतं.

एक विनंतीही आहे. तीर्थंकरांची प्रतिमा कोरू नका. चीनमध्ये कोयींवर अठरा अर्हतांचे चेहरे कोरून ते मनगटात घालतात, त्यांची ती रीत. आपल्याकडे जिनबिंबाची जागा वेगळी आहे. किल्लीच्या साखळीला, पर्समध्ये, कानात लोंबकळणारी प्रतिमा म्हणजे आशातना, मग ती कितीही भक्तीने कोरलेली असो. नवकार मंत्राची अक्षरंही अंगावर घालायच्या वस्तूवर नकोत. वेल, पान, कमळ, कलश, मासळीची जोडी, काय कमी आहे आपल्याकडे?

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिले दोन महिने फक्त करवंटी घ्या. ती जाड असते, चूक सहन करते. आतले खोबऱ्याचे धागे आधी खरवडून काढा, नाहीतर पावसाळ्यात मुंग्या आणि बुरशी येते, आणि मग त्या जीवांची विराधना वेगळी. सोनाराकडे असतात तशा बारीक कानशी पुरतात, विजेचं यंत्र लगेच घेऊ नका. नाक-तोंड बांधून बसा, ही भुकटी फार बारीक असते, श्वासावाटे आत जाते. चष्म्याचा नंबर तपासलेला असू द्या आणि दिवसाच्या उजेडातच बसा. आपल्याला चौविहारामुळे सूर्यास्ताकडे लक्ष ठेवायची सवय असतेच.

जर्दाळूच्या वाट्या थंडीतच जमवून ठेवा, कारण ज्यांच्याकडे फाल्गुन चौमासीनंतर सुकामेवा बंद होतो त्यांना मग कार्तिकापर्यंत मिळत नाहीत. वाटी फार पातळ असते, खोल जायचं नाही, वरवरची रेघ पुरते. आणि फोडताना अडकित्ता शिवणीवर धरा, आडवा नको. शिवणीवर हलकेच दाबलं की ती सरळ दोन भागांत उघडते.