विश्लेषण : सैनिकांवरची गाणी आणि सैनिकांची गाणी… दोन्हींत फरक काय?

युद्ध सुरू झाले की वीरगीते घुमू लागतात. ती बहुतेकदा रणांगणापासून दूर असलेल्या कवी-संगीतकारांनी रचलेली असतात. लढणारा सैनिक स्वतः गाणे रचतो तेव्हा मात्र त्यात विजयापेक्षा भीती, कंटाळा, गमावलेला सोबती आणि मनात सलणारा अपराधभाव अधिक असतो. ही गाणी का रचली जातात, त्यांचा उपयोग काय आणि मर्यादा कोणत्या, याविषयी…

व्हिएतनाममध्ये काय घडले?

व्हिएतनाम युद्धाच्या काळात गिटार आणि टेप रेकॉर्डर ही अमेरिकी छावण्यांतील सर्रास दिसणारी चीज होती. लोकप्रिय लोकगीतांच्या चालींवर सैनिक आपले शब्द बसवत. त्यात वरिष्ठांची टिंगल असे, घरची ओढ असे आणि मृत्यूची चेष्टाही असे. सायगावमधील अमेरिकी अधिकारी एडवर्ड लॅन्सडेल यांनी ही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांतील निवडक गाण्यांची ध्वनिफीत त्यांनी १९६७ मध्ये वॉशिंग्टनमधील धोरणकर्त्यांकडे पाठवली. लष्करी अहवालांतून न कळणारे युद्ध त्यांना गाण्यांतून कळावे, ही अपेक्षा होती. ती फोल ठरली. अमेरिकी सैन्य १९७३ पर्यंत तेथे लढत राहिले. गाणी मात्र ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये जतन झाली.

इराक युद्धात काय बदलले?

गिटारची जागा संगणकाने आणि लोकगीतांची जागा रॅपने घेतली. बगदादमध्ये तैनात असलेले सार्जंट नील सॉन्डर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या पैशांनी यंत्रसामग्री मागवली, तळावरच तात्पुरता स्टुडिओ उभारला आणि ‘लाइव्ह फ्रॉम इराक’ हा अल्बम तयार केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिएतनाममधील गाणी लोकांपर्यंत जायला लॅन्सडेलसारखा अधिकारी लागला. इथे युद्ध सुरू असतानाच सैनिकांचा राग आणि दुःख थेट श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

पण गाणेच का?

युद्धानंतरचा मानसिक आघात, म्हणजेच ‘पीटीएसडी’, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९८० मध्ये आला. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी पुढे ‘नैतिक इजा’ ही संकल्पना मांडली. जे करायला नको होते ते हातून घडले, किंवा ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांनीच दगा दिला, ही ती जखम. ती सांगणे अवघड असते. घरच्यांना ओझे नको म्हणून सैनिक गप्प राहतो आणि घरचे विचारायला धजत नाहीत. गाण्यात सगळे सांगावे लागत नाही. एक प्रसंग, एक वस्तू, एक नाव पुरते. स्वतःचा अनुभव दुसऱ्याच्या तोंडी घालता येतो. आणि तीन-चार मिनिटांनी गाणे संपते. न संपणाऱ्या आठवणीला अशी सीमा मिळणे, हा त्यातील मोठा दिलासा असतो.

‘साँगरायटिंग विथ सोल्जर्स’ काय आहे?

गीतकार डार्डेन स्मिथ यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा उपक्रम. निवासी शिबिरात माजी सैनिक आणि व्यावसायिक गीतकार एकत्र बसतात. सैनिक बोलतो, गीतकार ऐकतो आणि सैनिकाच्याच शब्दांतून गाणे उभे राहते. याच उपक्रमातून गायिका मेरी गोशे यांचा ‘रायफल्स अँड रोझरी बीड्स’ हा अल्बम २०१८ मध्ये आला. त्यातील अकराही गाणी माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसह लिहिलेली आहेत. अल्बमला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. सैनिकांची नावे सहगीतकार म्हणून लागणे हा यातील कळीचा मुद्दा. ज्याचे दुःख, त्याचाच त्यावर हक्क.

युक्रेनचे चित्र वेगळे का?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केल्यावर ‘बूमबॉक्स’ या बँडचे गायक आंद्री ख्लिव्हन्यूक गणवेशात, हाती बंदूक घेऊन कीव्हच्या चौकात गायले. ते गाणे पहिल्या महायुद्धाच्या काळातले, युक्रेनी स्वयंसेवक सैनिकांशी जोडलेले. ‘पिंक फ्लॉइड’ने एप्रिलमध्ये त्यांचा आवाज वापरून नवे गाणे काढले आणि त्याचे उत्पन्न मदतकार्याला दिले. देशाचे अस्तित्व पणाला लागलेले असताना गाण्याचे पहिले काम धीर देणे आणि जगाचे लक्ष वेधणे हे असते. शंका आणि अपराधभाव मांडणाऱ्या गाण्यांना अशा वेळी जागा कमी मिळते. म्हणून एकाच सैनिकाच्या तोंडी युद्धकाळात एक आणि युद्धानंतर दुसरे गाणे असू शकते.

मर्यादा कोणत्या?

गाणे हा उपचारांना पर्याय नाही. आठवणी उकरल्याने त्रास वाढूही शकतो, त्यामुळे प्रशिक्षित समुपदेशकाची साथ आवश्यक ठरते. सैनिकाच्या दुःखाचा प्रचारासाठी किंवा बाजारासाठी वापर होण्याचा धोकाही असतोच.

भारतात काय स्थिती?

‘ऐ मेरे वतन के लोगों’ (१९६३) असो वा ‘बॉर्डर’ चित्रपटातील ‘संदेसे आते हैं’ (१९९७), आपल्याकडे घरोघरी पोहोचलेली ही गाणी सैनिकांवरची आहेत. कवी प्रदीप आणि जावेद अख्तर यांनी लिहिलेली. भारतीय सैनिकांच्या स्वतःच्या आवाजाचा एक जुना ठेवा मात्र बर्लिनमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी लढताना जर्मनांच्या हाती लागलेले भारतीय सैनिक बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथील छावणीत होते. जर्मन अभ्यासकांनी त्यांची गाणी आणि कथा ध्वनिमुद्रित केल्या. हेतू भाषांच्या अभ्यासाचा होता, सैनिकांचे मन जाणण्याचा नव्हे. तरीही घराच्या ओढीने व्याकूळ झालेले ते आवाज हम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आज ऐकता येतात.